आंशिक गुडघेबदलानंतर सूज: दोष सांध्याच्या अस्तराचा आहे, हे कसे ठरवावे?

प्रश्न (वैशाखी):
नमस्कार. माझ्या आईचे वय 61 आहे. 14 महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचा फक्त आतल्या बाजूचा भाग बदलला. पहिले नऊ-दहा महिने ती जिनाही विनासायास चढत होती. आता चार महिन्यांपासून गुडघा सुजलेला असतो आणि दुखण्यापेक्षा सूजच अधिक आहे. एक्स-रेमध्ये इम्प्लांट जागेवर दिसते. दोन वेळा अँटिबायोटिक्स दिली, मात्र गुडघ्यातील पाणी प्रथमच गेल्या आठवड्यात काढले. ते तांबूस-तपकिरी निघाले. आता अस्तराच्या आजाराची शंका घेतली जात आहे. त्याचे निदान कसे होते? धातू असताना एमआरआयचा उपयोग होतो का?

उत्तर (अस्थिरोगतज्ज्ञ):
आंशिक शस्त्रक्रियेत झिजलेला भागच बदलतात. अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, बहुतेक तसेच राहते. त्यामुळे अस्तराचा आजार आधीपासून असला तर तो पुढे चालू राहू शकतो किंवा नव्यानेही उद्भवू शकतो. तरीही सर्वप्रथम जंतुसंसर्ग नाही याची खात्री करावी लागते. त्यासाठी रक्तातील ईएसआर व सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या तपासण्या), आणि काढलेल्या पाण्यातील पेशींची संख्या, स्फटिक व कल्चर (जंतू वाढवून पाहणे) या तपासण्या आवश्यक आहेत. संथ गतीने वाढणारे जंतू सुटू नयेत म्हणून कल्चर 14 दिवस ठेवण्यास सांगावे. अँटिबायोटिक्स चालू असताना कल्चर खोटे निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून प्रकृती स्थिर असल्यास, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, ती किमान दोन आठवडे थांबवून पाणी पुन्हा तपासणे योग्य ठरते. केवळ वाढलेल्या पेशींवरून निष्कर्ष काढू नये. आमवातात आणि गाऊटमध्येही त्या वाढतात.

उत्तर (क्ष-किरणतज्ज्ञ):
एमआरआय करता येतो. धातूमुळे येणारी विकृती कमी करणारी विशेष पद्धत वापरण्यास मात्र आधीच सांगावे लागते. पाण्याचा रंग पाहता पीव्हीएनएस (पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस) हा अस्तराचा आजार मनात यायला हवा. त्यात अस्तर जाड होते, वारंवार रक्तस्राव होतो आणि रक्तातील लोह अस्तरात साठते, जे एमआरआयवर काळे दिसते. धातूच्या आसपासही काळेपणाच येत असल्याने इम्प्लांटपासून दूरचा भाग, विशेषतः वाटीच्या वरची पोकळी, काळजीपूर्वक पाहावी लागते. शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय असेल तर तो जरूर पुन्हा वाचून घ्या. अस्तरातील बदल तेव्हाच सुरू झालेला होता का, हे त्यातून कळू शकते. आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण तेवढ्यानेही पाणी लालसर येऊ शकते.

उत्तर (गोदाकाठ):
मी डॉक्टर नाही, पण याच वाटेने गेलेला रुग्ण आहे, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. शेवटी निर्णय अस्तराच्या तुकड्यावर, म्हणजे बायोप्सीवर होतो. माझ्या वेळी दुर्बिणीतून घेतलेले सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात, टाकले गेले. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे कल्चर करताच आले नाही आणि मला दुसऱ्यांदा भूल घ्यावी लागली. तुकडे दोन भागांत पाठवण्याची विनंती आधीच करा: एक भाग फॉर्मॅलिनमध्ये ऊतीतपासणीसाठी, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, क्षयाच्या कल्चरसह. आपल्याकडे गुडघ्याच्या अस्तराचा क्षय आजही आढळतो. माझे निदान अखेर आमवाताचे निघाले. आमवाताच्या दोन रक्ततपासण्यांपैकी आरए फॅक्टर निगेटिव्ह होता, पण अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आला. आईंची बोटे सकाळी आखडतात का?

वैशाखी:
सर्वांचे मनापासून आभार. बोटे आखडत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळीही नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय कपाटात सापडला आहे, तो सोमवारी घेऊन जाते. गेल्या आठवड्यातील पाणी कल्चरला पाठवले होते का, हे प्रयोगशाळेत विचारले, तेव्हा केवळ पेशींची तपासणी झाल्याचे कळले. त्यामुळे पाणी पुन्हा काढावे लागेल, आणि या वेळी कोणकोणत्या तपासण्या हव्यात हे मी डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घेणार आहे.