मदत हवी आहे: एकाच नावाचे दोन चुलतभाऊ आणि न जुळणाऱ्या नोंदी (अमेरिकन वंशावळ, 1740 ते 1850)

नमस्कार मंडळी,

मी मूळची वाईची, गेली 22 वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. नवरा इथलाच. सासूबाईंचं माहेर प्लिमथ काउंटीतल्या एका गावात 1700 च्या आधीपासून आहे. सासूबाई आता 84 वर्षांच्या आहेत. त्यांच्या आजीच्या बहिणीने 1928 मध्ये टाइप केलेली वंशावळ गेल्या थँक्सगिव्हिंगला त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हे खरं आहे का, एवढं मला बघून दे." कागद घडीवर फाटलाय, पण अक्षरं स्वच्छ आहेत. मला वाटलं, चार दिवसांचं काम. सात महिने झाले, आणि मी अडकले आहे.

आडनाव आणि गाव इथे देत नाही. घोळ असा आहे.

वंशावळीत म्हटलंय की मूळपुरुष 1742 मध्ये जन्मला, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढला, बायकोचं नाव मर्सी, आणि थोरली मुलगी 1772 ची. सासूबाई या मुलीच्या वंशातल्या, पाच पिढ्या खालच्या. म्हणजे सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

आता नोंदी बघा. गावाच्या जन्मनोंदींचं छापील पुस्तक आहे. त्यात या नावाचे दोन मुलगे आहेत, दोन वेगळ्या बापांचे. एक 12 फेब्रुवारी 1742 चा, दुसरा नोव्हेंबर 1745 चा. दोघांचे बाप सख्खे भाऊ. (पहिल्याचं साल आपल्या हिशेबाने 1743 होतं. इंग्लंडच्या वसाहतींत 1752 पर्यंत नवं वर्ष 25 मार्चला लागायचं, त्यामुळे फेब्रुवारी जुन्याच सालात मोडायचा. हे कळायलाच मला महिना लागला.) पुढे खरेदीखतांमध्ये पहिल्याला 'लोहार' आणि दुसऱ्याला 'शेतकरी' म्हटलंय. मीही इथे तसंच म्हणते.

मर्सीच्या नवऱ्याची कबर मी स्वतः पाहून आले. पाटीचा दगड आहे, वर पंख असलेला चेहरा कोरलाय, खालच्या ओळी शेवाळाने भरल्या होत्या. घासायचा मोह आवरला, पाण्याचा नुसता हात फिरवला आणि आरसा तिरका धरून ऊन पाडलं तेव्हा अक्षरं उठली: मृत्यू 4 मार्च 1816, 'वयाच्या 71 व्या वर्षी'. 71 वं वर्ष चालू होतं, म्हणजे 70 पूर्ण. तो 1745 चा ठरतो, शेतकरी.

मग निवृत्तिवेतनाचे कागद. 4 जुलै 1836 च्या कायद्याने स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना वेतन मिळायला लागलं. मर्सीने 1837 मध्ये अर्ज केला, तेव्हा ती 84 वर्षांची होती. तिने शपथेवर सांगितलंय की लग्न 'लेक्सिंग्टनच्या लढाईच्या आधीच्या पानगळीत' झालं. लढाई 19 एप्रिल 1775 ची, म्हणजे लग्न 1774 चं. मग 1772 ची मुलगी तिची कशी? शेतकऱ्याची पहिली बायको होती का? की म्हातारपणी मर्सीचं साल चुकलं? की ही मुलगी लोहाराची, आणि सासूबाई शेतकऱ्याच्या वंशातल्या नाहीतच?

आणखी दोन गोष्टी. 1850 च्या जनगणनेत या मुलीचं वय 74 लिहिलंय. ती 1853 मध्ये वारली, त्या मृत्युनोंदीत वय 77. बापाचं नाव आहे, जे दोघांचंही आहे. आईचा रकाना रिकामा. वय मी फारसं मनावर घेतलं नाही, कारण जनगणनेत वयं कमीजास्त सांगितलेली मी बरीच पाहिली. शेतकऱ्याचं मृत्युपत्र मला सापडलेलं नाही. 1790 च्या पहिल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि घरातल्या सगळ्या बायका-मुली एकाच आकड्यात, त्यामुळे तिथे काही हाती लागत नाही.

इंटरनेटवरच्या वंशावळींत सगळीकडे 1928 चीच माहिती आहे, सालांसकट.

सासूबाईंना काय सांगायचं याची मला धास्ती वाटते. गेल्या रविवारी आम्ही दोघी प्लिमथच्या बरियल हिल या जुन्या दफनभूमीत गेलो होतो. मेफ्लॉवर जहाजातून 1620 मध्ये आलेल्या जॉन हाउलंडची गोष्ट सासूबाईंनीच सांगितली. कित्येक पिढ्या लोक मानत होते की त्याची बायको प्लिमथ वसाहतीच्या गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. वंशजांनी दगडावरही तेच कोरलं होतं. नंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हरवलेलं हस्तलिखित 1855 मध्ये लंडनच्या बिशपच्या फुलम इथल्या ग्रंथालयात सापडलं आणि त्यात स्पष्ट निघालं की ती जॉन टिलीची मुलगी एलिझाबेथ. हे सांगून सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तसं काही असेल तर ते मला माझ्या हयातीत कळू दे."

कुणी अशा नोंदींवर काम केलंय का? कुठे बघू?

प्रतिसाद 1:

ताई, डीएनए चाचणी करून घ्या की. हल्ली सगळे करतात, लगेच कळेल.

प्रतिसाद 2:

डीएनएने इथे भागणार नाही. लोहार आणि शेतकरी एकाच आजोबांचे नातू आहेत. इतक्या पिढ्यांनंतर त्या आजोबांकडून आलेला तुकडा सापडलाच, तरी तो कोणत्या नातवाकडून आला हे सांगता येत नाही. कागदच बघावे लागतील.

मी न्यू जर्सीत एका स्थानिक इतिहास मंडळात सहा वर्षं नोंदी लावते आहे, त्यावरून सांगते.

पहिलं म्हणजे छापील पुस्तकावर थांबू नका. मॅसॅच्युसेट्सच्या गावांची 1850 पर्यंतच्या नोंदींची ती पुस्तकं नावांच्या वर्णक्रमाने लावलेली आहेत. मूळ वहीत गावकारकून पुष्कळदा अख्खं कुटुंब एका पानावर लिहायचा, आईबाप वर आणि मुलं खाली ओळीने. छापताना ती मुलं सुटी झाली आणि आपापल्या अक्षराखाली गेली. मूळ वहीचं छायाचित्र फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं का ते पाहा. 1772 ची मुलगी कुणाच्या पानावर आहे ते तिथे दिसेल.

दुसरं, मर्सीची तुम्ही किती पानं वाचलीत? आठ-दहा असतील तर ती निवडक पानं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे या निवृत्तिवेतनाच्या फाइलींच्या सूक्ष्मपटांचे (मायक्रोफिल्मचे) दोन संच आहेत. एम 805 मध्ये वंशावळीच्या दृष्टीने महत्त्वाची वाटलेली थोडी पानं घेतली आहेत, एम 804 मध्ये पूर्ण फाइल आहे. विधवांना लग्न सिद्ध करावं लागायचं, म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलचं मुलांच्या जन्मांचं पान फाडून अर्जाला जोडलं. ते पान निवडीत गळलेलं असू शकतं.

तिसरं, वयं सोडून देऊ नका. 1850 ला 74 आणि 1853 ला 77, दोन्ही 1776 कडेच बोट दाखवतात. मर्सीचं लग्न 1774 चं धरलं तर 1776 ची थोरली मुलगी अगदी बसते. चुलतभावांनी आपापल्या मुलींना एकाच आजीचं नाव ठेवणं तेव्हा रोजचं होतं. मला वाटतं 1928 च्या बाईंनी छापील पुस्तकात नाव जुळताना पाहिलं आणि लोहाराची मुलगी उचलली. मूळपुरुषाचं 1742 सुद्धा लोहाराचंच आहे ना?

एक सावधगिरी. खरेदीखतात 'ज्युनिअर' दिसलं तर मुलगा समजू नका. गावात त्याच नावाचा वयाने मोठा कुणी असला की धाकट्याला ज्युनिअर म्हणत, मग तो चुलता असो की चुलतभाऊ. थोरला वारला की ज्युनिअरचा सिनिअर व्हायचा. म्हणून प्रत्येक खताची तारीख आणि धंदा शेजारी लिहून ठेवा.

मूळ धागालेखिका:

तुमचे किती आभार मानू! 1742 चा मुद्दा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला दिसला नाही. म्हणजे 1928 च्या आजींनी दोन माणसं एकात शिवली: जन्म आणि मुलगी लोहाराची, बायको आणि युद्ध शेतकऱ्याचं.

मूळ वही मिळाली. लोहाराचं कुटुंब एका पानावर आहे, सात मुलं, आणि 1772 ची मुलगी तिसरी. आई हॅना. तो प्रश्न मिटला असं मी धरते. शेतकऱ्याचं पान मात्र वहीत नाही, त्याने मुलं नोंदवलेलीच दिसत नाहीत.

एम 804 ची फाइल 38 पानांची निघाली, मी 10 वाचली होती. पान 23 वर बायबलचा फाटका कागद आहे, डावी कड दातेरी. मुलांची नावं आहेत. पहिल्या ओळीत '9 जून 1776' स्वच्छ वाचता येतं, पण नावावर शाईचा डाग आहे. शेवटची तीन अक्षरं जुळतात. पहिलं अक्षर लागत नाही.

माझे वडील मोडी वाचायचे. अक्षर अडलं की म्हणायचे, त्याच हातचं तेच अक्षर दुसरीकडे कुठे आहे ते शोध. म्हणून काल रात्री सासूबाई आणि मी भिंग घेऊन बसलो आणि खालच्या सहा ओळींतली सगळी मोठी अक्षरं कागदावर उतरवली. दोन उमेदवार उरलेत. एकात वरची वेलांटी डावीकडे वळते, दुसऱ्यात सरळ खाली येते. डागाखाली जे दिसतंय ते मला डावीकडचं वाटतं, सासूबाईंना सरळ.

पानाचं चित्र खाली जोडते. 18 व्या शतकातलं अक्षर वाचायची सवय असलेलं कुणी असेल तर फक्त पहिली ओळ बघा. मला काय हवंय ते आधीच सांगितलंय, ते कृपया विसरून वाचा.