मदत हवी आहे: जुळ्या बहिणीचा न जाणारा थकवा आणि २०२१चा पूर

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

आम्ही दोघी जुळ्या, चेहऱ्यामोहऱ्याने एकसारख्या. ती सात मिनिटांनी मोठी, म्हणून आईने मला तिला 'ताई' म्हणायला लावलं. आता वय ४१. मी पुण्यात, ताईला चिपळूणला दिली. लग्नापर्यंत आमची दुखणीसुद्धा जोडीने यायची. कांजिण्या एकाच आठवड्यात, चष्मा एकाच वर्षी.

२२ जुलै २०२१ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. भावोजी कामासाठी बाहेरगावी होते. ताई, सासूबाई आणि सहा वर्षांची भाची पोटमाळ्यावर चढल्या आणि तो दिवस, ती रात्र तिथेच काढली. खाली फ्रीज तरंगत भिंतीवर आदळत होता, तो आवाज अजून कानात आहे म्हणते. मी इकडे टीव्हीसमोर, आणि तिचा फोन बंद.

पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस तिने चिखल उपसला. मग आठ दिवस ताप आला. लेप्टो (पुराच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) निघाला नाही, ताप उतरला, पण थकवा राहिला तो आजतागायत.

मे महिन्यात मी आठ दिवस तिच्याकडे राहून आले. सकाळी ती पोळ्या करत होती. तिसरी अर्धी लाटून झाली आणि लाटणं पोळपाटावर ठेवून ती खाली भिंतीला टेकून बसली. हाताला पीठ तसंच. तवा धूर सोडायला लागला तेव्हा मी गॅस बंद केला. "रात्री झोपली नाहीस का?" "नऊ तास झोपले गं. उठले तेव्हाच दमलेली होते." एका लग्नाला जाऊन आलो, त्या दिवशी हसतखेळत होती. तिसऱ्या दिवशी मात्र केस विंचरायला हात वर होईना.

आणि वळवाची सर पत्र्यावर वाजली, तशी ती एक शब्द न बोलता उठली आणि कागदपत्रांची पिशवी पोटमाळ्यावर ठेवून आली. रात्री तीनदा उठून मोरीतून पाणी उलटं येतंय का बघत होती.

हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी १२ सगळं ठीक. डी व्हिटॅमिन कमी होतं, ते भरून काढलं तरी फरक नाही. सासूबाई म्हणतात, "मीपण तिथेच होते, मला कुठे काय झालं?" भावोजींनी चालण्याचा तक्ता लावून दिलाय, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. तो पाळला की ती आडवी होते.

वाचताना ताण आणि थकवा यांच्या संबंधावर स्वीडनमधल्या जुळ्यांचा अभ्यास झाल्याचं कळलं. आमचा पिंड एक, वाढलो एका घरात, फरक त्या रात्रीचा. मग हा थकवा त्या रात्रीचाच का? तसं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं, पण 'म्हणजे मी नाटक करते असं तुलाही वाटतं' असं ती म्हणाली तर? आणि मनात येतं म्हणून विचारते, उद्या मलाही हे होईल का?

प्रतिसाद

नमस्कार, मी फिजिशियन आहे. न तपासता निदान करता येणार नाही, पण तुमचं वर्णन वाचून काही गोष्टी लगेच सांगाव्याशा वाटल्या.

आधी तो तक्ता थांबवा. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणं, झोपून ताजंतवानं न वाटणं, सहा महिन्यांहून जास्त टिकलेला थकवा, ही क्रॉनिक फटीग सिंड्रोमची लक्षणं असू शकतात. अशा रुग्णांना ठरावीक मापाने व्यायाम वाढवत नेऊ नये, असं उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ साली स्पष्ट सांगितलं. जेवढी ताकद आहे तेवढ्यातच दिवस बसवायचा. पोळ्या बसून लाटायच्या, लग्न असेल तर आधीचा आणि नंतरचा दिवस मोकळा ठेवायचा.

तुम्ही म्हणता तो अभ्यास २००६चा. १९३५ ते १९५८मध्ये जन्मलेल्या १९ हजारांवर स्वीडिश जुळ्यांची माहिती त्यात होती. थकवा सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधी ज्यांनी ताण नोंदवला होता, त्यांच्यात पुढे हा आजार जास्त दिसला, आणि जोडीतल्या एकाची दुसऱ्याशी तुलना केली तरी तो संबंध पुसला गेला नाही. म्हणजे ताणाचा वाटा आहे. पण 'त्या रात्रीचाच' असं मी म्हणणार नाही. तुमच्या बहिणीला पुरानंतर तापही आला होता, आणि तापानंतर असा थकवा रेंगाळलेला आम्ही बघतो. चिखल उपसण्याचे पंधरा दिवसही त्यात धरा. यातलं एकच कारण वेगळं काढता येत नाही.

तुमच्याबद्दल. जनुकं तीच असली तरी आजार होईलच असं नाही. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या जुळ्या भावांचा २००२चा एक अभ्यास आहे. आघाताचा तीव्र त्रास असलेल्या सैनिकांच्या मेंदूतला आठवणींशी निगडित भाग लहान होता, आणि युद्धावर न गेलेल्या त्यांच्या एकसारख्या भावांचाही. तरी त्या घरी राहिलेल्या भावांना तो त्रास नव्हता.

मोरी बघायला उठणं, पिशवी वर ठेवणं यावर उपचार आहेत, आणि ते थकव्यासाठी नव्हे, त्या भीतीसाठी घ्यायचे. तिला तसंच सांगा. तिच्या अंगातली ताकद गेली आहे हे खरं आहे आणि पावसाची भीतीही खरी आहे. दोन दुखणी, दोन डॉक्टर. फोनवर सुरुवात करायची तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आणि उभं राहिल्यावर नाडी, रक्तदाब किती बदलतो ते कुणी मोजलंय का? आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा?

धागाकर्ती

डॉक्टर, मनापासून आभार. उभं करून नाडी कुणीच बघितली नाही, फेरिटिनही नाही. आज दुपारी भावोजींना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तक्ता फ्रीजवरून काढतो.

'दोन दुखणी' हे मी तिला तुमच्याच शब्दांत सांगेन. फोनवर नको, समोर बसून. पाऊस लागायच्या आत शनिवारी निघतेय. तिकडे चिपळूण-रत्नागिरी भागात असं दुखणं समजून घेणारे फिजिशियन कुणाला माहीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा. पुण्याचा प्रवास तिला आत्ता झेपणार नाही.