होमस्कूलिंग: बीजगणिताकडे कधी वळावं?

गोरेगाव_पूर्व
मुलगी साडेदहा वर्षांची, घरीच शिकते. बालभारतीचं पाचवीचं गणित संपलं, सहावीचं निम्मं झालंय. पाढे २० पर्यंत पाठ, मोठा भागाकार जमतो. आता सातवीच्या पुस्तकातल्या बैजिक राशी उघडून बसते. सुरू करू द्यावं का? तयारी झाली हे ओळखायचं कशावरून?

समच्छेद
किती पुस्तकं संपली यावर जाऊ नका. कागदावर एवढंच लिहून द्या: ८ + ४ = □ + ५. काही सुचवू नका. बरीच मुलं चौकोनात १२ लिहितात, काही १७. त्यांच्या लेखी '=' म्हणजे 'आता उत्तर लिहा'. दोन्ही बाजू सारख्या, हा अर्थ बसला नसेल तर पुढे 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' एवढंच पाठ होतं. का बदलतं ते कळत नाही.

मग अपूर्णांक. ३/४ + २/५ द्या, पण आधी विचारा, उत्तर १ पेक्षा मोठं येईल की लहान? ५/९ लिहिणारं मूल समच्छेद विसरलंय असं आपण म्हणतो. खरी अडचण वेगळी आहे: ५/९ हे ३/४ पेक्षाही लहान, म्हणजे मिळवल्यावर कमी झालं, आणि ते त्याला खटकलं नाही. ६ ÷ १/२ लाही 'का?' विचारा. 'उलटा करून गुणायचं' एवढंच सांगितलं, तर सहा लिंबं अर्धी कापून बारा फोडी मोजायला लावा.

चौकोनी_वही
एक भर घालते. कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम) पाठ असलेली मुलं १० − ४ + ३ ला हमखास फसतात. त्या शब्दात बेरीज आधी येते, म्हणून ४ + ३ = ७ आणि उत्तर ३. बेरीज-वजाबाकीचा मान एकच, डावीकडून सोडवत जायचं, उत्तर ९.

पाढे उलटे विचारा: ५६ कोणकोणत्या पाढ्यांत येतं? ५६/७२ चं ७/९ करताना तेच लागतं.

ऋण संख्यांसाठी मात्र अडून राहू नका, त्या बीजगणिताच्या ओळखीबरोबरच शिकवता येतात. टॉवरच्या लिफ्टमध्ये तळघराचे मजले −१, −२ असतात. −२ वरून पाच मजले वर गेलं की कुठे, एवढं सांगता आलं की सध्या पुरे.

गोरेगाव_पूर्व
पहिल्याला १२ लिहिलं. ३/४ + २/५ = २३/२०, अंदाजही बरोबर. ६ ÷ १/२ ला 'उलटा करायचा'. मग किती थांबू?

समच्छेद
अपूर्णांक बरे आहेत, लिंबं तेवढी कापा. सहावीचं पुस्तक चालू ठेवा आणि रोज दहा मिनिटं खरं-खोटं घ्या: ७ = ७, ९ = ४ + ५, ६ + २ = ८ + ३. '९ = ४ + ५' उलटं लिहिलंय असं म्हणाली तर तिथेच थांबून बोला. वहीत ५ + ३ = ८ × २ = १६ अशी साखळी दिसली तर प्रत्येक पायरी नव्या ओळीवर; ५ + ३ काही १६ नव्हेत. ३७ + ४८ = □ + ५० मध्ये बेरीज न करता ३५ सांगू लागली की क्ष आणा.

आणताना एक जपा. '३क म्हणजे तीन केळी' असं शिकवू नका, क म्हणजे एका केळ्याची किंमत. अक्षर ही संख्या असते, वस्तू नव्हे. नाहीतर क × क आल्यावर केळी गुणिले केळी काय, याला उत्तर नाही.

दादर_पश्चिम
परीक्षेच्या धास्तीने घाई करत असाल तर गरज नाही. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. १७ नंबरचा (शाळेत न जाता बाहेरून बसण्याचा) फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी दिलीत, तरी बीजगणिताचं वेगळं पुस्तक, म्हणजे गणित भाग १, नववीपासून आहे. मधल्या काळात गुणोत्तर-प्रमाण पक्कं करा: ३ वह्या ८४ रुपयांना, तर ७ वह्या? एकमान पद्धतीने २८ काढून १९६ सांगितले की विचारा, ५०४ रुपयांत किती वह्या? हे उलटं गणित तिने न शिकवता सोडवलं, तर ती समीकरणच सोडवते आहे.