मदत हवी आहे : एकाच एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात) 'भरले' आणि 'बाकी' मोजायचे आहेत

नमस्कार मंडळी, सोसायटीच्या मेंटेनन्सचं छोटं अ‍ॅप करतोय. बिलांच्या टेबलात 'भरलं' हा बूलियन (खरं-खोटं) कॉलम आहे : ट्रू, फॉल्स, आणि चेक वटायचा असेल तर नल, म्हणजे रिकामी नोंद. विंगनुसार ग्रुप बाय करून (गट पाडून) तिन्ही आकडे एकाच ओळीत हवेत.

काउंट(भरलं) उपयोगाचा नाही, तो ट्रू-फॉल्स दोन्ही मोजतो, फक्त नल सोडतो. व्हेअरमध्ये (ओळी गाळणाऱ्या कलमात) अट टाकली तर एकही बिल न भरलेली विंग यादीतूनच गायब, आणि सेक्रेटरींना नेमकी तीच बघायची असते! माझ्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल डेटाबेस आहे, तिथे सम(भरलं) बिनतक्रार चालतं. सर्व्हरवरचं पोस्टग्रेस (दुसरा डेटाबेस) मात्र बूलियनची बेरीज करायलाच तयार नाही. तिथलं फिल्टर कलम (अटीत बसणाऱ्याच ओळी मोजणारं) सुटसुटीत आहे, पण ते मायएसक्यूएलला कळत नाही. म्हणून सध्या सम(केस व्हेन भरलं देन १ एल्स ० एंड), म्हणजे भरलं असेल तर १ नाहीतर ० धरून बेरीज, वापरतोय, दोन्हीकडे चालतं.

अडलंय ते नलपाशी. विंगच्या टेबलाला बिलं लेफ्ट जॉइन केली (म्हणजे बिल नसलं तरी विंगची ओळ राहते, बिलाचे रकाने नल येतात) की ज्या विंगला अजून बिलंच गेली नाहीत, तिथेही 'चेक वटायचा : १' दिसतं. जॉइनमुळे आलेला नल आणि खरा नल वेगळे कसे काढायचे? बिल क्रमांक नल नाही अशी अट केसमध्येच घालावी, की आधी सबक्वेरीत (आतल्या वेगळ्या क्वेरीत) मोजून मग जॉइन करावं? बिलं लाखांत गेली तर काय बरं पडेल?