शेरीला 'खमंग' म्हणावं का?

दूरदेशी: ओळखीतली काही मंडळी आंदालुसियाला, म्हणजे दक्षिण स्पेनला निघालीत, त्यांच्यासाठी शेरी या तिथल्या वाइनवर दोन पानांचं टिपण मराठीत करतोय. 'ड्राय'ला (गोड नसलेली या अर्थाने) 'कोरडी' लिहिलं, तर पहिल्याच वाचकाने विचारलं, पातळ वस्तू कोरडी कशी? आणि अमोंतियादो या शेरीच्या प्रकाराच्या वर्णनात येणारं 'नटी' (nutty) मराठीत छापलं की संगीत नाटकातली सूत्रधाराची बायको उभी राहते. अक्रोड-बदामाचा वास म्हणून मी 'खमंग' केलं. तपासणाऱ्या बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली. दुसरं काही सुचतंय?

चिंचगूळ: बाईंचं बरोबर आहे. खमंग म्हणजे भाजणी, फोडणी, थालीपीठ. विस्तवाशी संबंध हवा. शेरी कोण भाजतं?

मालवणी_माणूस: आणि खमंग काकडी?

चिंचगूळ: कूट भाजलेल्या दाण्यांचं, वर फोडणी. आला ना विस्तव!

जुनी_खोड: खमंग बातमी मग कुठल्या चुलीवर होते? बाकी माझं मत असं, की वास 'खम्' करून नाकात शिरतो म्हणून खमंग.

चिंचगूळ: आधार?

जुनी_खोड: नाक.

दूरदेशी: विस्तव नाही, हवा आहे. अमोंतियादोची सुरुवात फिनो, म्हणजे फिक्या, कोरड्या शेरीच्या रूपात होते. पिंपात वर यीस्टचा थर धरतो, त्याला तिथे 'फ्लोर' म्हणतात. तोवर वाइनला हवा लागत नाही, रंग फिका राहतो, चव सणसणीत. पुढे थर मरतो आणि हवा लागून ती तपकिरी, अक्रोडासारखी होत जाते. पिंपं मुद्दाम जुनी वापरतात, नव्या लाकडाचा वास नको म्हणून. (फ्लोरला मी 'साय' लिहिलंय. 'बुरशी' लिहिलं तर कोणी पिणार नाही.)

शब्दवेडा: 'बुरा' का नाही? लोणच्यावर येतो तो. अस्सल शब्द आहे. आणि 'फोर्टिफाइड' तसंच ठेवलंत की काय? 'बलवर्धित' करा.

मालवणी_माणूस: बलवर्धित म्हणजे च्यवनप्राश. 'दुर्गीकृत' केलंत तर गडावर चढवावी लागेल.

दूरदेशी: मी 'द्राक्षाचा अर्क घालून कडक केलेली' लिहिलंय. फिनोतलं अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, त्यात थर जगतो. ओलोरोसो हा दुसरा प्रकार १७ च्या वर नेतात, तिथे तो जगतच नाही.

सासूबाईंची_सून: पण शेरी गोडच असते ना? गोव्याहून यायची ती पोर्ट काकवीसारखी होती.

दूरदेशी: हाच गैरसमज मोडायचाय! फिनोत साखर लिटरला ५ ग्रॅमही नसते. ओलोरोसोचा वास गोडसर, चव मुळीच नाही. गोड हवी तर पेद्रो हिमेनेस ही शेरी. उन्हात मनुका होईतो वाळवलेल्या द्राक्षांची, काळी, घट्ट. ती आइस्क्रीमवर ओततात. म्हणूनच 'कोरडी' की 'अगोड' हे ठरायला हवं.

शब्दवेडा: 'अगोड' ऐकून तर पिणं सुटेल. 'निःशर्कर' घ्या.

चिंचगूळ: ते मधुमेहाच्या पत्रकावर. 'कोरडी'च ठेवा. घोट गिळला की जीभ कोरडी पडते, लोकांना कळेल.

मालवणी_माणूस: सोबत काय खायचं ते सांगा, शब्द होतील नंतर.

दूरदेशी: तिथला ठोकताळा: पोहणाऱ्याला फिनो, उडणाऱ्याला अमोंतियादो, धावणाऱ्याला ओलोरोसो. म्हणजे तळलेल्या मासळीला फिनो नाहीतर तिच्याच जातीची मांसानिया, कोंबडीला अमोंतियादो, बैलाच्या शेपटीच्या रश्श्याला ओलोरोसो. आर्टिचोक बहुतेक वाइनची चव बिघडवतं, फिनोला पचतं. आणि फिनो गारच हवी. बाटली फोडली की थोड्या दिवसांत संपवायची, नाहीतर ती मरगळते.

सेवियाकर: मांसानिया सानलूकार गावची, समुद्राकाठची, म्हणून जिभेवर खारट भास. पण कॅफेत नुसतं 'मांसानिया' मागू नका, कॅमोमाइलचा काढा येतो. माझ्यापुढे आला होता, वर मधाची पुडी.

जुनी_खोड: खारट की खारी? पदार्थ बिघडला तर खारट, मुळातच तशी असेल तर खारी. खारी बिस्किटं, खारे दाणे.

शब्दवेडा: आणि समुद्राचं पाणी? ते कधी बिघडलं?

दूरदेशी: मंडळी, 'खमंग'चं काय ठरलं?

मालवणी_माणूस: फिनोबरोबर बोंबील चालतील का? ताजे, तळून?

सेवियाकर: पळतील. तिथल्या काडिस शहराकडे मासे जाडसर गव्हाच्या पिठात घोळवून तळतात, रवा नाही.

चिंचगूळ: गव्हाच्या पिठात बोंबील? तांदळाचं घ्या. नरम पडायचे नाहीत.

मालवणी_माणूस: ओ, आमच्याकडे रवाच. आणि आधी पाट्याखाली दाबून पाणी काढायचं.