बोल्ट शेवटच्या इंचात अडतो? आधी रिकामा बंद करून बघा

तुमची ली-एनफिल्ड नंबर ४ रायफल साफ केल्यापासून बोल्ट पूर्ण बंद होत नाही म्हणता. मॅगझीन काढा, चेंबर नजरेने आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करा, मग बोल्ट पुढे ढकला. शेवटी स्प्रिंगचा जोर लागून बंद झाला, तर तो बिघाड नाही. ही रायफल बोल्ट मिटताना कॉक होते, म्हणजे घोड्याची स्प्रिंग तेव्हा ताणली जाते. माउझर ९८ बोल्ट उघडताना कॉक होते, त्यामुळे तिची सवय असलेल्यांना इथेच हमखास शंका येते.

रिकामाही मिटत नसेल तर बोल्टहेड, म्हणजे बोल्टच्या पुढच्या टोकाला आट्यांनी बसणारा सुटा भाग, बघा. ते आट्यांवर पूर्ण बसून त्याचा कान बोल्टच्या बरगडीच्या रेषेत यायला हवा. साफसफाईनंतर बहुतेकदा घोळ इथेच असतो. त्यावर ० ते ३ पैकी आकडा असतो. आकडा मोठा तशी लांबी जास्त. कुणी बदललंय का?

फक्त काडतुसावर अडत असेल तर दुसऱ्या रायफलीत उडवून पुन्हा भरलेली पुंगळी (काडतुसाचं धातूचं आवरण) असू शकते, किंवा फुटलेल्या पुंगळीचा पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहिलेला. मग बळजबरी नको, काडतूस काढून घ्या आणि चेंबर मोजायचं गेज असलेल्या आर्मररकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) रायफल न्या. आणि घासून बसवायला कानशीला तर हातही लावू नका.