शेजारच्या ग्रॅनीचा ६ ऑगस्ट

ग्रुप: आपलं घर (सगळे)

ताई (टोरोंटो): सगळ्यांना नमस्कार. फोटो टाकलेत. मुलांच्या हातातले झेंडे जमैकाचे आहेत. काल ६ ऑगस्ट, त्यांचा स्वातंत्र्यदिन. शेजारच्या ग्रॅनीकडे होतो दिवसभर.

आई: गोड दिसतायत दोघं. धाकटीच्या डोक्याला काय बांधलंयस गं? आपल्या लुंगीच्या कापडासारखं दिसतंय.

मामा (मडगाव): जमैका म्हणजे बोल्ट, गेल, गांजा आणि जटा! पोरांना जपा हो.

आत्या: अरे, लेकरांच्या फोटोखाली असं लिहितात होय?

ताई (टोरोंटो): मामा, तुम्ही गमतीत लिहिलंत ते कळलं, पण मला लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धाकटीच्या वेळी मी डिसेंबरात बाळंत झाले. आईचा व्हिसा अडकलेला, ह्यांना चारच दिवस सुट्टी, बाहेर उणे अठरा. समोरच्या दारातली ही बाई, तेव्हा नुसती मान हलवण्यापुरती ओळख. ती रोज सकाळी साडेसातला दार वाजवायची. हातात झाकलेलं भांडं, त्यात मक्याच्या पिठाची दाटसर पेज, वरून किसलेलं जायफळ. एकवीस दिवस. मी पेज संपवेपर्यंत बाळाला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहायची आणि भांडं घेऊनच परत जायची. जमैका म्हटलं की मला ते भांडं आठवतं.

आणि गांजा हा शब्दच मुळात तिकडे गेला तो आपल्याकडच्या मजुरांबरोबर. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे ३६ हजार माणसं हिंदुस्थानातून करारावर जमैकाच्या उसाच्या मळ्यांत नेली. पहिलं जहाज १० मे १८४५ ला पोचलं, तो दिवस तिकडे भारतीय वारसा दिन म्हणून पाळतात.

मामा (मडगाव): चुकलो गं. लिहायला नको होतं. ग्रॅनीबद्दल अजून सांग.

नाना: मला १९६२ आठवतं. रेडिओवर ऐकलं होतं. दोन्ही देश इंग्रजांच्या तावडीतून सुटले, आपण पंधरा वर्षं आधी. आणखी एक, जगातल्या सगळ्या देशांच्या झेंड्यांत जमैकाचाच एक असा आहे ज्यात लाल, पांढरा, निळा यांपैकी एकही रंग नाही. काळा, हिरवा, सोनेरी.

ताई (टोरोंटो): हो नाना! आणि त्या रंगांचा अर्थ ग्रॅनी मुलांना दोन प्रकारे सांगते. तिच्या शाळेत शिकवलेला अर्थ असा, की कष्ट आहेत, पण जमीन हिरवी आहे आणि ऊन पडतंय. म्हणजे काळा रंग कष्टांचा. १९९६ मध्ये तो अर्थ बदलला. आता काळा म्हणजे माणसांची ताकद आणि कल्पकता. तिला नवा अर्थ जास्त आवडतो. म्हणते, आम्हाला आमचा रंग कष्टाचा म्हणून का शिकवला?

स्वातंत्र्याच्या रात्री ती सतरा वर्षांची होती. किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियमवर राजकन्या मार्गारेट आलेली, मध्यरात्री युनियन जॅक उतरला आणि नवा झेंडा चढला. ही तिथे नव्हती. सेंट एलिझाबेथमधल्या तिच्या गावात एका दुकानात रेडिओ होता, सगळा गाव तिथे जमला होता. बाराला दुकानदाराने रॉकेलचा दिवा फुंकला, क्षणभर मिट्ट अंधार, आणि मग पुन्हा लावला. एवढंच. पण ग्रॅनी दरवर्षी तेच करते. ५ ऑगस्टच्या रात्री घरातले सगळे दिवे घालवते आणि एक लावते. तेही आमच्या बाराला नाही, एकला. कारण उन्हाळ्यात इथलं घड्याळ तासभर पुढे असतं आणि जमैकात तेव्हा बारा वाजतात. मोठ्याला झोपेतून उठवून नेलं होतं यंदा. अंधारात तिने त्याचा हात इतका घट्ट धरला की तो घाबरला, मग दिवा लागल्यावर हसला.

वहिनी (बर्मिंगहॅम): अंगावर काटा आला ताई.

आत्या: ती एकटीच असते का गं? कॅनडात कधी आली?

ताई (टोरोंटो): आता एकटी. मुलगा ऑटावाला. आली १९६५ मध्ये. कॅनडाची एक योजना होती, १९५५ ते १९६७. जमैका, बार्बाडोस वगैरे बेटांवरच्या तरुण, अविवाहित, मूलबाळ नसलेल्या मुलींना घरकामाला आणायचे. एका घरी वर्षभर काम केलं की कायम राहायची परवानगी. ग्रॅनी गावात मास्तरीणबाई होणार होती, शिकाऊ म्हणून शिकवत होती. इथे येऊन दुसऱ्याच्या घरची फरशी पुसली. नंतर रात्रीच्या वर्गाला जाऊन इस्पितळात लागली आणि बत्तीस वर्षांनी निवृत्त झाली.

इथल्या जमैकन लोकांनी स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९६२ मध्ये, जमैकन कॅनेडियन असोसिएशन काढली. म्हणजे देश आणि इथलं मंडळ एकाच वयाचे. लोकांना वाटतं टोरोंटोत जमैका म्हणजे कॅरिबाना, पिसांचे मुकुट, नाच. तो १९६७ पासूनचा सगळ्या कॅरिबियन बेटांचा उत्सव आहे आणि त्याचं मूळ त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्ये. ६ ऑगस्ट वेगळा. सकाळी चर्च, मग जेवण.

आई: जेवणात काय होतं ते सांग.

ताई (टोरोंटो): सकाळची न्याहारी अ‍ॅकी आणि खारा मासा. हे त्यांचं राष्ट्रीय जेवण. अ‍ॅकी हे झाडावरचं फळ, बाहेरून लालबुंद. झाडावर आपोआप उकलल्याशिवाय तोडायचं नाही, कच्चं विषारी असतं. उकललं की आत तीन चकचकीत काळ्या बिया आणि त्यांना चिकटलेला पिवळट गर. तो गर खायचा. इथे डब्यातलं मिळतं. ग्रॅनी डबा चाळणीत ओतते आणि हात लावत नाही, पाणी आपलं आपण निथळू देते. कांदा, टोमॅटो, मिरपूड, स्कॉच बॉनेट मिरची आणि रात्रभर भिजवून काटे काढलेला तो खारा कॉड मासा परतून झाला की शेवटी अ‍ॅकी वरून सोडायची. डाव घालायचा नाही, कढईच हलवायची, नाहीतर लगदा होतो. दिसतं थेट अंड्याच्या भुर्जीसारखं. मी पहिल्यांदा डाव घातला होता, तिने माझ्या हातातून काढून घेतला.

मामा (मडगाव): खारं म्हणजे आमच्यासारखंच. पावसात आमचं काय चालतं मग!

ताई (टोरोंटो): मामा, त्याच्यामागची गोष्ट कडू आहे. हा खारा कॉड कॅनडाच्याच पूर्व किनाऱ्यावरून जायचा. मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तातलं खाणं म्हणून. बदल्यात तिकडून साखर, काकवी आणि रम यायची. अ‍ॅकी पश्चिम आफ्रिकेतलं, तेही गुलामांच्या व्यापाराच्या काळातच आलं. ग्रॅनी म्हणाली, ज्यांनी हे आमच्या ताटात टाकलं त्यांना वाटलं नव्हतं की आम्ही यातून आमचं राष्ट्रीय जेवण करू. म्हणूनच तिच्याकडे १ ऑगस्टपासून तयारी असते. १ ऑगस्ट गुलामी संपल्याचा दिवस, १८३४ ला कायदा लागू झाला आणि खरी सुटका १८३८ ला. हे सहा दिवस तिच्यासाठी एकच सण.

आणि आत्या, तुझ्यासाठी. ग्रॅनी ज्याला कॅलालू म्हणते ना, ती आपली माठाची भाजी. शप्पथ. लसूण, कांदा घालून परतते. मी तिला आपली खोबरं घातलेली करून दिली, तिने दोनदा घेतली.

आत्या: अगं बाई! माठ? तिकडे?

दादा (बर्मिंगहॅम): माठाचं राहू दे, आत्या, तुला त्याहून भारी सांगतो. जमैकन लोक भिशी लावतात.

आत्या: काय सांगतोस!

दादा (बर्मिंगहॅम): पार्डनर म्हणतात. माझ्याबरोबर डेपोत एक काका होते, हँड्सवर्थचे, आईवडील पन्नासच्या दशकात आलेले. त्यांच्या पार्डनरमध्ये वीस जण, दर आठवड्याला प्रत्येकी पन्नास पौंड. जिच्याकडे पैसे जमा करायचे ती बँकर, बहुतेक एखादी वयस्क, खमकी बाई. पैसे भरणं म्हणजे हँड टाकणं, आणि ज्याची पाळी त्याला सगळी रक्कम, तो ड्रॉ. कागद नाही, सही नाही. त्या काळात बँका काळ्या माणसाला कर्ज द्यायच्या नाहीत, भाड्याच्या खोल्यांवर तर काळ्यांना जागा नाही अशा सरळ पाट्या असायच्या. १९४८ मध्ये विंडरश बोटीने जमैकाहून इंग्लंडला आलेले आणि त्यांच्या मागचे लोक, त्यांतल्या कितीतरी जणांनी पहिलं घर पार्डनरच्या पैशांवर घेतलं. काकांच्या वडिलांनीही. ते घर अजून आहे, मी जेवलोय तिथे.

आत्या: माझी भिशी १९८१ पासून आहे. स्वयंपाकघराचा ओटा, तुझ्या आतेभावाची फी, सगळं त्यातून. कागद नाही, सही नाही, हे वाचून मला त्या बँकरबाईंना भेटावंसं वाटलं बघ.

वहिनी (बर्मिंगहॅम): आत्या, ग्रॅनीचीही असणार. विचार ना ताई.

ताई (टोरोंटो): विचारलं. होती. त्यातूनच स्वतःच्या आईचं तिकीट काढलं होतं तिने. तिची म्हण आहे, 'वन वन कोको फुल बास्किट'. कोको म्हणजे अळकुडीच्या जातीचा कंद. एकेक करून टोपली भरते.

नाना: थेंबे थेंबे तळे साचे.

ताई (टोरोंटो): अगदी. आणि 'वी लिकल बट वी टॅलावा', आम्ही छोटे पण दमदार. मूर्ती लहान, कीर्ती महान म्हटलं तरी चालेल.

आई, तुझ्या प्रश्नाचं राहिलं. धाकटीच्या डोक्याचं कापड म्हणजे बँडाना, त्यांच्या राष्ट्रीय पोशाखाचं लाल-पांढऱ्या चौकड्यांचं सुती कापड. तुझी नजर बरोबर आहे, ते मूळ मद्रासचं. मिस लू हेच नेसायची. मिस लू म्हणजे लुईस बेनेट, त्यांची मोठी कवयित्री. तिने पाटवा बोलीत कविता लिहिल्या, ज्या बोलीला शाळेत मोडकी इंग्रजी म्हणून हिणवायचे. शेवटची वर्षं ती इथे टोरोंटोतच राहिली, २००६ मध्ये गेली. हार्बरफ्रंटला तिच्या नावाची खोली आहे.

ग्रॅनीला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. मुलगा लहान असताना ती त्याला घरात पाटवा बोलू द्यायची नाही. वर्गात हसतील, नोकरी मिळणार नाही म्हणून. काल नातीने मिस लूची एक कविता म्हटली तेव्हा मुलाला अर्धीच कळली. तो उठून बाल्कनीत गेला. ग्रॅनी मला म्हणाली, मी त्याला वाचवत होते गं. ते ऐकल्यापासून मी मोठ्याशी इंग्रजीत बोलणं बंद केलंय. कालपासून फक्त मराठी.

मामा (मडगाव): हे वाचून थोडा वेळ फोन खाली ठेवला. मला पण काही सांगायचंय.

मी सात वर्षांचा होतो. १९ डिसेंबर १९६१, गोवा सुटला तो दिवस. म्हणजे तुझ्या ग्रॅनीच्या स्वातंत्र्याआधी आठ महिनेसुद्धा नाहीत. घरात कोंकणी, देवापुढे मराठी, शाळेत पोर्तुगीज, अशी आमची तऱ्हा. मास्तर कोंकणी बोललं तर पट्टी मारायचे. त्या दिवसांत लष्कराचे ट्रक गावातून गेले. बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. मला बाकी काही आठवत नाही, बाबांच्या टोपीचा वास आठवतो, घामाचा आणि खोबरेल तेलाचा. आणि ते रडत होते हे खांद्यावरून कळत होतं, तोंड दिसत नव्हतं.

मी आजवर हे कोणाला सांगितलं नाही. भावोजींनासुद्धा नाही.

नाना: नाही सांगितलंत.

आई: दादा, मला सुद्धा नाही.

ताई (टोरोंटो): मामा, हे ग्रॅनीला सांगू का?

मामा (मडगाव): सांग. आणि सकाळच्या लिहिण्याबद्दल माझ्यातर्फे माफी माग. तिला हेही सांग की आम्हा गोवेकरांना किंग्स्टन माहीत आहे. १९७१ ला सबायना पार्कवर आमच्या मडगावच्या दिलीप सरदेसायांनी २१२ काढले होते, आणि आपण वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला होता. रेडिओला कान लावून होतो.

वहिनी (बर्मिंगहॅम): तिच्या गावचं काय गं? गेल्या वर्षीच्या वादळात?

ताई (टोरोंटो): मेलिसा. २८ ऑक्टोबर २०२५. ब्लॅक रिव्हर गाव उद्ध्वस्त झालं, तिच्या भाचीच्या घराचं छप्पर गेलं. चर्चच्या हॉलमध्ये पिंपं भरायला मीही जात होते. हे लोक वर्षानुवर्षं गावी पिंपं पाठवतात, कमरेएवढी उंच, तांदूळ, तेल, साबण, वह्या, शाळेचे बूट. ग्रॅनीने भरलेल्या पिंपात बोट शिरायला जागा नसते, बुटांतसुद्धा मोजे आणि मोज्यांत साबणाच्या वड्या. त्या वेळी खिळे, ताडपत्री आणि टॉर्च भरले. काल जेवणाआधी भाचीचा व्हिडिओ आला, नव्या पत्र्यावर झेंडा लावलाय. सगळे टाळ्या वाजवत होते, ग्रॅनी नुसती बघत राहिली.

(दुसऱ्या दिवशी)

ताई (टोरोंटो): मामा, ग्रॅनीला वाचून दाखवलं. मी इंग्रजीत सांगत होते, ती मध्येच म्हणाली, थांब, त्याच्याच भाषेत वाच. मग मराठीत वाचलं, पूर्ण. एक शब्द कळला नसेल तिला, पण ऐकून घेतलं. नंतर अर्थ सांगितला. टोपीच्या वासापाशी तिने मला थांबवलं आणि म्हणाली, रॉकेलचा दिवा विझला की जो वास येतो, तो मला अजून येतो.

निरोप असा: पुढच्या वर्षी ५ तारखेच्या रात्री तुम्हाला व्हिडिओवर घ्यायचंय. आमचा एक म्हणजे तुमच्याकडे ६ तारखेची सकाळ, साडेदहा.

दादा (बर्मिंगहॅम): आमच्याकडे सहा. उठू.

आत्या: मी पण. आणि ग्रॅनीला विचार, माठात खोबरं ओलं आवडलं की सुकं.

मामा (मडगाव): साडेदहाला ऊन असतं इथे. खिडक्या लावून घेईन, देवघरातली समई तयार ठेवीन. ती म्हणेल तेव्हा लावतो.